आधी गुडघे कोणी टेकायचे?

ओमोतेजोची गारी दाताखाली कडाकडा वाजायची. गारी म्हणजे कसावाचा कंद किसायचा, आंबवायचा, पिळायचा, आणि गावाबाहेर तेलविहिरीपाशी रात्रंदिवस जळणाऱ्या गॅसच्या ज्वाळेसमोर वाळत पसरायचा. उन्हाच्या भरवशावर बसावं ते इतरांनी. नवरा गेला, मुलं शहरात गेली, पण ज्वाळा तिथेच होती, आणि तिच्या जोरावर ही बाई उघेलीच्या बाजारात सगळ्यांची टर उडवत फिरायची.

ज्वाळा बंद होणार, हे ती लग्न होऊन आल्यापासून ऐकत होती. आता देशात मोठा तेलशुद्धीकरण कारखाना झाला होता, पेट्रोल जहाजं भरून परदेशी चाललं होतं, आणि जळून वाया जाणारा गॅसही नळातून नेऊन विकायचं ठरलं होतं. कंपनीची माणसं येऊन तारीख सांगून गेली. ओमोतेजो म्हणाली, बोलाचीच कढी! आणि नातीच्या, रुकेच्या, लग्नासाठी तिनं घमेलंभर गारी पिळून ठेवली.

सांगितल्या दिवशी तिन्हीसांजेला ज्वाळा खरंच विझली. या गावाला अंधाराची सवयच नव्हती. माणसं एकमेकांवर आदळली, कोंबड्या कधी नव्हे त्या वेळेवर झोपल्या, पोरं चांदण्यांकडे बोट दाखवून ते काय म्हणून विचारू लागली. ओमोतेजोला हसू आवरेना. मग घमेल्याची आठवण झाली आणि हसू तिथंच विरलं. ओली गारी सकाळपर्यंत नासणार, आणि लग्न परवावर आलेलं.

वाळवायची गॅसभट्टी गावात एकाच घरी होती, शेजारच्या ओनोमेकडे. तिथेच घोडं अडलं. उर्होबो माणसांत धाकट्यानं गुडघे टेकून ‘मिग्वो’ म्हणायचं, थोरल्यानं ‘व्रेन्डो’ म्हणून उठवायचं. त्याआधी कामाचं बोलायचं नाही. या दोघी एकाच वर्षी, पुराच्या साली जन्मलेल्या. थोरली कोण ते त्यांच्या आयांनाच ठाऊक, आणि त्या कधीच गेल्या. म्हणून उभ्या जन्मात दोघींपैकी कोणी गुडघे टेकले नाहीत आणि धड बोलणंही झालं नाही. ज्वाळेच्या उजेडात सगळं गाव बघत असायचं ना!

आज बघायला कोण होतं? आणि असतं तरी नातीपुढे मान कसला! ओमोतेजो घमेलं घेऊन चाचपडत कुंपणापलीकडे गेली. पुढ्यात कोणीतरी आहे असं वाटलं, तशी तिनं घमेलं खाली ठेवून गुडघे टेकले.

“मिग्वो.”

“मिग्वो,” तिच्या अगदी नाकासमोरून ओनोमेचा आवाज आला.

“तू कशाला टेकलीस गं?”

“भट्टी कधीची पेटवून ठेवलीये. तू कसली येतेस, म्हटलं आपणच जावं. नात काय तुझी एकटीची आहे होय? आता ऊठ म्हण, गुडघे गेले माझे.”

“थोरली तू. तूच म्हण.”

“मी कशी थोरली? तुझे केस बघ किती पिकलेत.”

“अंधारात दिसले वाटतं तुला?”

रुके मोबाइलचा दिवा घेऊन आजीला शोधत आली, तेव्हा दोघी म्हाताऱ्या गुडघ्यांवरच बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. शेवटी तिनंच एकेकीला हात देऊन उठवलं.

गारी कडक झाली, लग्न झोकात झालं. आता दोघी एकाच भट्टीवर गारी वाळवतात, पण भांडण काही मिटलेलं नाही. आता दोघीही धाकट्या आहेत, आणि दुसरीच्या दारात आधी गुडघे टेकता यावेत म्हणून रोज एकमेकींच्या आधी उठायला बघतात.