नेरची दुरुस्ती, बोरीची रांग

"चांगलं तेवढं उचल, बाकीचं राहू दे," असं कुणी म्हणालं की आजही माझं डोकं फिरतं. आता मी मोठ्या शहरात, मोठ्या कंपनीत आहे. इथली पोरं दिवसातून दहा वेळा हे काम करतात. प्रोग्रॅमच्या एका शाखेतले दोन बदल उचलतात, दुसरीत टाकतात आणि चहाला निघून जातात. मी मात्र प्रत्येकाला अडवून विचारते, याच्या आधीचा बदल कोणता होता, आणि तो त्या शाखेत आहे का? पोरांनी माझं नाव 'आधीचं काय मॅडम' ठेवलंय. ठेवू देत. त्यांनी बोरीची रांग पाहिलेली नाही.

कापसाचे दिवस वाईट होते तेव्हाची गोष्ट आहे. आमच्या यवतमाळात बाहेरून कॅमेरेवाले यायचे, खेड्यात जाऊन बायांना रडायला लावायचे आणि संध्याकाळी जेवायला हॉटेल कोणतं चांगलं म्हणून विचारायचे. त्या वर्षांत मी एका छोट्या ऑफिसात प्रोग्रॅम लिहायची. ऑफिस म्हणजे कपड्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मालकाला आम्ही सर म्हणायचो. त्यांचे वडील, आजोबा सगळे कचेरीत मोठ्या हुद्द्यावर राहिलेले, घरात इंग्रजी पेपर येणारा. स्वतः चांगले शिकलेले होते, खोटं कशाला बोलू. कुणी पाहुणा आला की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "ही बोरी अरबकडची. आपल्याकडे सगळ्यांना संधी असते." मी मान खाली घालून कीबोर्ड बडवत राहायची.

आमचा प्रोग्रॅम कापूस खरेदी केंद्रांवर चालायचा. गाडी आली की तिला नंबर द्यायचा, नंबराची चिठ्ठी छापायची आणि वजनाच्या काट्यावर कोण जाणार ती यादी दाखवायची, एवढंच त्याचं काम. मूळ प्रोग्रॅम एकच, पण दर केंद्राची तऱ्हा निराळी, म्हणून दर केंद्राची शाखा वेगळी ठेवलेली. नेरकडच्या केंद्राची एक शाखा, बोरीकडच्या केंद्राची दुसरी, अशा पाच. एका शाखेत केलेला बदल दुसरीत हवा असला तर सगळी शाखा न ओतता तेवढाच बदल उचलून नेता येतो. याला चेरी-पिक म्हणतात. चेरी आमच्या जिल्ह्यात पाहिली कोणी? केकवर लाल रंगाचं करवंद लावतात, तीच आमची चेरी. आम्ही ऑफिसात सरळ 'वेचणं' म्हणायचो.

सरांची एक पद्धत होती. केंद्राला नवा प्रोग्रॅम पाठवला की पेनड्राइव्हसोबत एक छापील कागद जायचा. त्यावर काय काय बदललं आणि कोणी लिहिलं ते नावानिशी असायचं. तो कागद केंद्राच्या खिडकीवर चिकटवायचा. "लोकांना कळलं पाहिजे, काम कोण करतं," सर म्हणायचे. मला तेव्हा हे फार आवडायचं, कारण खिडकीवर माझं नाव लागायचं आणि बोरीच्या खिडकीवर ते वाचणारी एक बाई होती.

ती माझी मोठी आई, बाबांच्या मोठ्या भावाची बायको. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं तिनं. लग्नानंतर वस्तीतल्या विहारात संध्याकाळी बायांचा वर्ग भरायचा, तिथं ती वाचायला शिकली. मग काय, दिसेल तो कागद वाचायची. भज्यांच्या पुड्याचा कागदसुद्धा तिनं सोडला नाही. खिडकीवर माझं नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिनं रांगेतल्या एकेकाला हाताला धरून आणून दाखवलं होतं म्हणे. "हे पाह्य, हे आमची पोरगी हाय. कम्प्युटरात तिचंच चालते."

त्या हंगामाच्या शेवटी मोठे बाबा गुडघ्यानं बसलेले, म्हणून गाडी घेऊन मोठी आईच केंद्रावर गेलती. घरभर कापूस भरलेला होता. दोन महिने माणसं ओसरीत झोपत होती आणि अंगाला खाज सुटून सगळ्यांचे हात सोललेले. शनिवारी खरेदी बंद होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. शनिवारच्या आत काट्यावर गाडी गेली तर ठीक, नाहीतर व्यापारी म्हणेल त्या भावात टाकून यायचं. तिचा नंबर एक्केचाळीस. सोमवारपासून ती रांगेत होती आणि हिशेबानं शुक्रवारी दुपारी तिची गाडी लागणार होती. मला बुधवारी फोन करून म्हणाली, "लागते माह्या नंबर शुक्रवारी. घर मोकळं झालं का ये, पुरणाच्या पोळ्या करतो."

आता नेरचं सांगते, कारण घाण तिथून सुरू झाली. माझ्याच कामापासून सुरू झाली, हेही सांगते.

नेरकडे लोक नंबर घेऊन, जागेवर दगड ठेवून निघून जायचे आणि काट्यासमोर रांग अडून राहायची. म्हणून तिथं रोज सकाळी हजेरी घ्यायची रीत पडली. मुकादम मोठ्यानं नंबर पुकारायचा, माणूस 'हाव' म्हणायचा. त्यासाठी मी नेरच्या शाखेत दोन बदल केले. पहिल्या बदलानं हजेरीची खूण करायचा पडदा आला. दुसऱ्या बदलानं, ज्याच्या नंबरावर दोन दिवस खूण नाही त्याचा नंबर आपोआप रद्द व्हायला लागला. यादी आटोपशीर झाली, फटाफट उघडायला लागली. नेरवाले खूश.

बोरीकडे हजेरी नव्हतीच. तिथं जवळच्या गावांची माणसं, घरातलं कोणी ना कोणी गाडीपाशी असायचंच. पुकारायचं कायले?

त्या मंगळवारी सर म्हणाले, "बोरीची यादी फार हळू उघडते अशी तक्रार आहे. नेरचा तो दुसरा बदल बोरीत टाकून देऊ."

मी म्हटलं, "सर, पहिल्याशिवाय दुसरा नेता येत नाही."

"का? काही अडतं का? कॉन्फ्लिक्ट येतो?"

"येत नाही, म्हणून तर भीती आहे. हजेरीचा रकाना सगळ्या शाखांमध्ये पहिल्यापासून रिकामा पडलेला आहे. प्रोग्रॅम बिनबोभाट चालेल. पण बोरीत खूण करायला पडदाच नाही, म्हणजे कोणाच्याच नंबरावर खूण नाही. दोन दिवसांच्या वरचे सगळे नंबर उडतील."

"मग पडदा दिला तर तिथला ऑपरेटर शिकणार कधी? हंगामाचे चार दिवस राहिलेत. तू फार ताणतेस हं. चांगलं तेवढं उचलायचं, बाकीचं राहू द्यायचं."

मी नाही म्हटलं. हात लावणार नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा सरांना तोंडावर नाही म्हटलं आणि मला वाटलं, झालं, थांबलं. डोंबलाचं थांबलं! बुधवारी मी जेवायला गेले तेव्हा त्यांनी स्वतः माझ्या शेजारच्या मशीनवर बसून तो बदल वेचला. मी बदलासोबत संदेशात स्पष्ट लिहून ठेवलं होतं की हजेरीच्या पडद्याशिवाय हा वापरू नये. ते वाक्य त्यांनी पुसलं. कुठून उचललं ते टिपून ठेवायची सोय असते, तीही वापरली नाही. पेनड्राइव्ह आणि कागद बोरीवरून जाणाऱ्या दारव्हा एसटीच्या कंडक्टरजवळ देऊन मोकळे झाले. मला पत्ताच नाही.

गुरुवारी दुपारी ऑपरेटरचा फोन आला. सकाळपासून यादीत छप्पन्नपर्यंतचा एकही नंबर नाही. जे मंगळवारपासून आले ते काट्यावर चालले आणि जे सोमवारपासून उभे आहेत त्यांना मशीन म्हणतं, तुमचा नंबर नाही. पाहा काय न्याय! जो जास्त उभा राहिला तोच आधी उडाला.

सरांनी फोन ठेवला, लॉग म्हणजे बदलांची नोंद छापली आणि कागद माझ्यासमोर टाकला. "हे काय आहे? हे तुझं नाव आहे."

ते खरंच माझं नाव होतं. बदल उचलून कुठेही न्या, लिहिणाऱ्याचं नाव त्याच्यासोबत जातं. उचलणाऱ्याचं नाव वेगळ्या ठिकाणी असतं, ते मुद्दाम मागितलं तर दिसतं. आमच्या छापील कागदावर फक्त लिहिणाऱ्याचं यायचं. मी तिथंच आज्ञा देऊन दोन्ही नावं पडद्यावर आणली. लिहिणारी मी. उचलणारे सर. बुधवार, दुपार, सगळं स्वच्छ दिसत होतं.

त्यांनी पाहिलं. चष्मा पुसला. म्हणाले, "अगं, हे तुझ्या-माझ्यात ठीक आहे. केंद्राला एकच नाव समजतं. आणि लिहिलं तर तूच ना?"

"लिहिलं. नेरसाठी लिहिलं."

"मग तूच निस्तर. आणि एक दिलगिरीचं पत्र कर, सही तुझी."

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी खूप बोलले. खालच्या दुकानातली माणसं जिन्यात येऊन उभी राहिली इतकं बोलले. पत्र टरकावलं, म्हणजे कोरा कागदच होता, पण टरकावला. सर जिन्यातल्यांना शांतपणे म्हणाले, "बघा, हे असं असतं," आणि 'हे' म्हणजे काय ते मला चांगलं समजलं. आजही तो शब्द आठवला की दातओठ खावेसे वाटतात.

पण रांग भांडणानं सरळ होणार नव्हती. मी वेचलेला बदल मागे घेतलेला प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेतला आणि पहिली दारव्हा गाडी पकडली. प्रोग्रॅम मागे घेतला तरी उडालेले नंबर परत येत नाहीत. ते लोकांच्या हातातल्या चिठ्ठ्यांवरूनच भरावे लागणार होते. गाडीत उभ्यानं मी एकच गोष्ट घोकत होते, चाळीसच्या पुढचा एक, चाळीसच्या पुढचा एक. तिची चिठ्ठी मी स्वतःच्या हातानं भरणार होते.

केंद्रावर पोचले तर आवारात बोंबाबोंब. ऑपरेटरनं मला पाहून दाराची कडी काढली. "मॅडम, मले मारते आता हे लोक." मी खिडकीत बसले आणि एकेक चिठ्ठी मागायला लागले. एक म्हातारा चिठ्ठी देईना. "तुह्याच मशीननं खाल्ला नं माह्या नंबर? आता चिठ्ठीबी खाय." मी हात पुढे तसाच धरून ठेवला. त्याच्या मुलानं त्याच्या मुठीतून चिठ्ठी सोडवून दिली. एकोणतीस, तीस, चौतीस, छत्तीस. मंगळवारवाल्यांची कुरकुर झाली, त्यांनाही मागं सरकावं लागलं. एक्केचाळीसची चिठ्ठी काही आली नाही, मोठी आई गर्दीत मागं असेल म्हणून मी तिची ओळ मोकळी ठेवली. तासा-दीड तासानं यादी पुन्हा उभी राहिली. ऑपरेटर बाहेर जाऊन क्रमानं पुकारू लागला.

"एक्केचाळीस!"

कोणी 'हाव' म्हटलं नाही.

"एक्केचाळीस हाय का?"

"ते बाई तं सकाळीच गाडी घेऊन गेली," कोणीतरी म्हणालं. "दारव्ह्याच्या व्यापाऱ्याकडं. सगळ्यात आधी तेच गेली."

मी खिडकीकडे पाहिलं. आमचा छापील कागद तिथं नव्हता, डिंकाचे चार ठिपके तेवढे राहिले होते.

दिवेलागणीला मी मोठ्या आईच्या घरी पोचले. घर मोकळं झालेलं होतं. ती जमीन झाडत होती. मला पाहून तिनं झाडू टाकला, पाणी दिलं, "कायले आली वं धावतपळत, जेवली का?" असं रोजच्यासारखं विचारलं. माझ्या तोंडून ओरडाच निघाला. "मोठी आई, तू थांबली काहून नाही? मला फोन काहून नाही केला? मी नंबर लावून देत होती ना!"

ती खाली बसली. "बाप्पा, रागावतं कायले? तिथं लोकं लय ओरडून राह्यले होते. ऑपरेटरले शिव्या देऊन राह्यले होते. मी खिडकीवरचा कागद वाचला. त्याच्यावर तुयं नाव होतं. मंग मीच सगळ्यायले म्हटलं, चूप बसा, हे माह्या पोरीनं केलेलं हाय, तिनं काहीतरी पाहूनच केलं असन. आपला नंबर नसन तं नसन. मी गाडी वळवली, मंग माह्यामागं आनखी चार-पाच गाड्या वळल्या."

ती उठली, फळीवरच्या डब्यातून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

"हा घे. जाता जाता काढून आणला. लोकं थुंकून राह्यले होते त्याच्यावर, पुसला मी."

मी घडी उघडली. माझ्या नावाची शाई एका बाजूनं फुगलेली होती आणि आत एक्केचाळीस नंबरची चिठ्ठी होती.