जावईबापूंचा रुसवा

नागपूरच्या विद्यापीठात भावना आणि प्रेरणांचं मानसशास्त्र शिकून दिगंबर पांढुर्ण्याला परतला, तो कोणाला धड रडूही देईना. आधी आसवांचं कारण समजावून सांगे. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिलं, त्या साली सौंसरला त्याचं लग्न लागलं. पंगतीत जावईबापू सायकलीसाठी रीतसर रुसले, घासाला शिवेनात. सासरे रघुनाथराव हात जोडायला उठले, तोच नवरी प्रेमलता म्हणाली, "बसा बाबा. सकाळीच हे मांडवात सर्वायले सांगून राहिले होते, रागाले खतपाणी घातलं नाही, तं तो आपोआप उतरते."

पंगत जेवून उठली. शास्त्र खरं निघालं. उन्हं कलायच्या आत जावईबापूंनी आपण होऊन गार वरणभात मागितला, आणि वर लोणचंही.