राम रामाला सलाम

रझाकारांच्या दिवसांत आम्ही हसनाबादच्या मिशन दवाखान्यात मार खाल्लेल्या शेतकऱ्यांच्या जखमा धुतल्या, तेव्हा आम्ही हिंदूंचे ठरलो. निजामाचं राज्य पडलं, वारं फिरलं आणि मुसलमान बाया आमच्या दाराशी येऊ लागल्या, तेव्हा आम्ही त्यांचे ठरलो. येशूचे आम्ही कधी कुणाला वाटलोच नाही.

त्यातच गावच्या पिंजाऱ्याची बायको अडली. नवरा जीव घेऊन पळालेला, पोटातलं मूल आडवं. मी साधी नर्स. हे काम जालन्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरचं. वाटेत मुसलमानांच्या गाड्या अडवत होते, म्हणून तिला माझं पांढरं लुगडं नेसवलं. कुणी विचारलं तर ख्रिस्ती म्हणून सांगायचं ठरलं. प्रभूची प्रार्थनाही शिकवली. ती तिनं कळा सोसत पाठ केली, आमच्या रविवारच्या मंडळींना वर्षानुवर्षं जमली नाही इतकी बिनचूक.

अर्ध्या वाटेत काठ्या घेतलेल्या माणसांनी गाडी अडवलीच. त्यांतल्या एकाच्या बायकोचं बाळंतपण मीच केलेलं. तो बैलांच्या शिंगांकडे बघत राहिला. म्होरक्यानं तिला प्रार्थना म्हणायला लावली. तिनं म्हटली. त्याचं समाधान झालं. वाट सोडून देत तो हात जोडून म्हणाला, "राम राम, बाई."

"सलाम," ती म्हणाली.

आता आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं भेटल्यावर सलामच म्हणतो. माझ्या आजोबांपासून म्हणत आलो. मी ते त्यांना आधी समजावून सांगितलं, मग ओरडून, शेवटी पाया पडून. ते हसले. बैल सोडून घेऊन गेले. तिला कुणी बोट लावलं नाही, एवढीच काय ती मेहेरबानी.

गाडीवान दुसरे बैल शोधायला गेला. मी भर उन्हात तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. करण्यासारखं हाती काहीच नव्हतं. देवाला हाका मारल्या. खोटं कशाला सांगू, चार शब्द सुनावलेही.

"बाई, मी गलत बोलले का ओ?" तिनं विचारलं.

"न्हाई गं. बिलकुल बराबर बोललीस."

"मंग?"

मी पदरानं तिच्या तोंडावर सावली धरली. बैल आले तेव्हा तिचे हात गार पडले होते. पोटातलं लेकरूही तिच्यासोबतच गेलं.