टोपीकाकूंची रोपं

रोपवाटिकेत तिला सगळे टोपीकाकू म्हणत. भोपळ्याचं रोप मातीतून वर येताना कधी कधी बीचं टरफल डोक्यावर घेऊनच येतं. आतली दोन पानं मिटून राहतात, रोप गुदमरतं. काकू त्या टोपीवर पाण्याचा थेंब सोडायची, टरफल मऊ पडेपर्यंत दुसऱ्या ट्रेकडे वळायची, मग परतून नखाने टोपी अलगद उतरवायची. पान कधी फाटलं नाही. मालकीणबाई तिला रोपांची सुईण म्हणत, आणि त्या एका शब्दावर काकू आठवडाभर खूश असे.

मग तिची धाकटी जाऊ तिथेच कामाला लागली. घरात सासूच्या तोंडी तिचं कौतुक होतंच. ते काकूने कसंबसं गिळलं होतं. इथे धाकटीने पेरणी हाती घेतली. बी जरा खोल घातलं, वरून माती दाबली. वर येताना टरफलं मातीतच अडकून राहिली आणि ट्रेच्या ट्रे उघड्या डोक्याने उगवले. मालकीणबाई म्हणाल्या, "काकू, आता तुम्हाला आराम."

काकूने उघड्या ट्रेंवरून नजर फिरवली. टोप्याच नाहीत, तर टोपीकाकू हवी कशाला?

पुढच्या पेरणीला धाकटी तापाने घरी होती. काकूने बी मुद्दाम वरवर टाकलं, माती दाबलीच नाही. रोपं उगवली ती पोलिसांच्या पलटणीसारखी, झाडून सगळी टोप्या घालून. काकू मनातल्या मनात हसली. पण हात दोनच, आणि टरफलं वाळून घट्ट होत चाललेली. मालकीणबाईंनी बरी होऊन आलेल्या धाकटीलाच शेजारी बसवलं. हिलाही शिकवा म्हणाल्या.

शिकवावं लागलं. धाकटीने थेंब सोडला, थांबली, नख लावलं. टोपी सुटली. काकूने पान निरखून पाहिलं. साधा ओरखडाही नव्हता.

मालकीणबाई आत गेल्यावर धाकटी मान वर न करता म्हणाली, "जाऊबाई, बी वरवर पडलंय. कोणी विचारलं तर माती हलकी आली होती म्हणू."

"तुला कोणी सांगितलंय मला सांभाळून घ्यायला?" काकूने सगळ्यात घट्ट टोप्यांचा ट्रे स्वतःकडे ओढला. "हा तुला जमायचा नाही."

आणि थेंब न सोडताच तिने पहिली टोपी ओढली. दोन्ही पानं टरफलातच तुटून आली.

धाकटीने पाहिलं. तिने पाण्याची बाटली काकूच्या बाजूला सरकवली.