घोडीचे अकरा महिने

तुम्ही तिकडे दर शनिवारी घोड्यावर बसायला शिकता, असं तुमच्या आईने फोनवर सांगितलं. तेव्हापासून मला एक घोडी आठवते आहे. तिच्याबद्दल मी तुमच्या आईलाही सगळं सांगितलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

नव्वदनंतरची वर्षं. तुमचे आजोबा इंदापूर तालुक्यात जनावरांचे सरकारी डॉक्टर होते आणि मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. घर दवाखान्याला लागूनच. कुठली गाय कधी परत आणायची, कुणाची म्हैस कधी तपासायची, हे मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर टिपून ठेवत असे. आजोबा विसरत आणि मी विसरत नसे, याचा मला गर्वही होता.

अंथुर्ण्याकडची एक धनगरीण, माझ्याच वयाची, आपली घोडी घेऊन आमच्याकडे येऊ लागली. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाआधी परत यायचं, असं त्यांचं वर्ष. वाटेवर सगळा संसार या घोडीच्या पाठीवर असायचा. भांडी, घोंगड्या, कोंबड्या, चालून दमलेलं कोकरू. घोडीचं आता वय झालं होतं आणि बाईच्या मुलांनी स्पष्ट सांगितलं होतं की, ही थकली की मेंढरं विकायची आणि कारखान्यात कामाला जायचं. बाईला ते नको होतं.

"एक शिंगरू झालं की मी आनखी धा-पंदरा वर्सं वाट चालते," ती म्हणायची. "मग मेले तरी चालंल. पर कारखान्याच्या पत्र्याखाली न्हाय."

पण शिंगरू होत नव्हतं. दोन वर्षं घोडा दाखवला आणि दोन्ही वेळा घोडी उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली. आजोबांनी तपासलं तेव्हा कारण सापडलं. आधीच्या एका अवघड वेतात मागची जागा फाटून सैल झाली होती. घोडी चालली की आत हवा जायची, हवेबरोबर लीद जायची, आणि गर्भाची पिशवी सतत सुजलेली राहायची. अशा पिशवीत गर्भ धरत नाही. आजोबांनी आठवडाभर कोमट मिठाच्या पाण्याने पिशवी धुतली, औषध सोडलं आणि महिनाभर थांबून घोडा दाखवायला सांगितलं.

तो दिवस नेमका वटपौर्णिमेचा निघाला. "मी हिकडं वडाला दोरा गुंडाळत हुते," बाई पदर तोंडाला लावून हसत म्हणाली, "आन् धनी तिकडं घोडीचं लगीन लावत हुतं!"

चार दिवसांनी आजोबांनी घोडीच्या त्या सैल जागेचा वरचा भाग टाके घालून शिवून टाकला. खाली लघवीपुरती वाट ठेवली.

"कुलूपच लावलं म्हना की," बाई म्हणाली.

"आणि किल्ली माझ्याकडे," आजोबा म्हणाले. "व्यायच्या आधी टाके सोडवायचे. राहिले तर शिंगरू अडकेल आणि घोडी फाटेल. बरोबर केव्हा यायचं ते आमच्या मास्तरीणबाईंना विचारून घे."

मी तिला ओसरीवर चहा दिला आणि सांगितलं, "घोडीचे अकरा महिने धर. त्याच्या पंधरा दिवस आधी ये."

"वटपुनवंपास्नं अकरा पुनवा. म्हंजे आखितीला दारात हजर." मग आत स्वयंपाकघराच्या भिंतीकडे हनुवटी उडवून म्हणाली, "तुमचं समदं भित्तीवर. आमचं आभाळात."

मला ते आवडलं. मी माझी तारीख कॅलेंडरवर लिहिली. तिची अक्षय तृतीया कुठे पडते, हे ताडून पाहिलं नाही.

त्या वर्षी भाद्रपद अधिक होता. तुम्हाला हे माहीत नसेल. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षाला पुरत नाहीत, म्हणून साधारण तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा येतो. त्याला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात आणि त्यात जावयाला जेवायला बोलावतात. तुमच्या वडिलांना आम्ही बोलावलं, मी तीस-तीन अनारसे तळले. त्या धावपळीत घोडीचा विचार एकदाही मनात आला नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये माझी तारीख आली आणि गेली. "वाटेत असतील, येतील," आजोबा म्हणाले. मेंढरांचा कळप कुठल्या रानात आहे, हे तेव्हा कुणाला विचारणार?

अक्षय तृतीयेला बाई आली, सांगितल्या दिवशी. सोबत घोडी होती, मागून वाळलेल्या रक्ताने माखलेली. शिंगरू नव्हतं.

चार दिवसांपूर्वी, घाट चढून आल्यावर, एका नांगरटीत घोडी व्यायला बसली होती. शिंगराचे पुढचे पाय टाक्यांना येऊन अडले. त्यांनी लोकर कातरायच्या कातरीने टाके कापले, पण तोवर शिंगरू गुदमरलं होतं.

"मादी हुती," बाई म्हणाली. आजोबांनी विचारलं, अंगावर केस होते का? "व्हय, काळेभोर. खूर बी घट. दिसाया पुरं हुतं, पर आत काय तरी अपुरं असंल. तुमची चूक न्हाय, डाक्तर. दीसच भरलं न्हाईत."

मी तिला मोजायला सांगितलं. तिने बोटांच्या पेरांवर पौर्णिमा मोजल्या. आषाढ, श्रावण, भादवा, आश्विन.

"आणि धोंडा?"

"धोंडा कुठं धरत्यात, बाई? द्येवाचा महिना त्यो. त्यात लगीन न्हाय, बारसं न्हाय."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते घोडीची जखम धुवायला वाकले आणि म्हणाले, "भरून येईल. पुढच्या वर्षी पुन्हा बघू."

"ऱ्हाऊ द्या. हिच्या पिशवीत दीस भरत न्हाईत."

दिवस भरले होते; बाईने वगळलेला धोंड्याचा महिना धरला की पूर्ण अकरा महिने होत होते. पिशवी बरी झाली होती, तिने शिंगरू शेवटपर्यंत सांभाळलं होतं. एवढंच एक वाक्य मला बोलायचं होतं. संध्याकाळी आजोबा म्हणाले, "तू सांगतेस की मी सांगू?" मी म्हणाले, मी सांगते. त्यानंतर पंधरा दिवस बाई एक दिवसाआड मलमपट्टीला येत होती. दर वेळी मी तिला चहा दिला, दर वेळी उद्या सांगू म्हटलं. आजोबांना मी सांगितलं म्हणून सांगितलं. हे खोटं मी त्यांच्या आयुष्यभर तसंच ठेवलं.

मग ती यायची थांबली. घोडी बाजारात विकली, असं कळलं. दिवाळीच्या आत मेंढरंही गेली.

दोन वर्षांनी ती मला बारामतीच्या एसटी स्टँडवर भेटली. मुलगा लोणी देवकरला कंपनीत लागला होता, ती लोकांच्या उसात खुरपायला जात होती. बाकावर तिच्या शेजारी बसून मी सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "म्हंजे घोडी चांगली हुती."

"हो."

"मग तवाच सांगायचं न्हाय का, बाई? मी इकली नसती."

घोडी आता कुठे आहे, असं मी विचारलं. वीटभट्टीवाल्याने नेली, पुढचं माहीत नाही, असं ती म्हणाली. तिची गाडी लागली. मी तिचं गाठोडं उचलायला हात पुढे केला, पण ते तिने स्वतःच उचललं.