रहिमतपूरचा परतीचा डाव

शिंप्याच्या मशीनखाली कातरण साठतं तसे किस्से साठतात. झाडून टाकावं म्हटलं तर वाटतं, असू दे, कधीतरी ठिगळाला होईल. माझं दुकान रहिमतपूरच्या पेठेत. लढाई संपली होती, पण कापड अजून रेशनवर. मशीन थंड असायचं आणि दुपारभर दुकानात बुद्धिबळाचा पट मांडलेला असायचा. कापड मिळेना, पण खेळणारे मात्र पैशाला पासरी!

त्यातले अव्वल म्हणजे सुभेदार. पहिल्या लढाईतले, पेन्शनर. मिशीला पीळ आणि बोलण्यालाही. त्यांच्या पोरीचं, हौसाचं लग्न आमच्याच गावच्या बाजीरावाशी ठरलं होतं. पुढं बाजीराव पलटणीबरोबर सिंगापूरला गेला आणि जपान्यांच्या कैदेत सापडला. लढाई संपल्यावर हाडांचा सापळा होऊन परतला. हौसा तोवर थांबली होती. सुभेदारांनी मात्र निकाल दिला.

"मेला आसता तर जावई म्हनून सुतक धरलं आसतं. पकडला गेला, त्याला माझी पोरगी न्हाई."

हत्यारं टाकायचा हुकूम वरून आला होता, हे बाजीरावानं एकदाच सांगितलं, पुन्हा नाही. दुसऱ्या दिवसापासून तो दुपारी माझ्या दुकानात येऊन बसू लागला, कारण सुभेदार तिथं यायचे. मी म्हटलं, कशाला जिवाला त्रास करून घेतोस? तर म्हणाला, "त्यांचा राग संपंस्तवर बसनार. मला लय सवय हाय बसायची."

*

सुभेदार त्याच्याशी खेळत नसत. मग बाजीरावानं बाकीच्यांना एक नवाच डाव शिकवला. कैदेत पहारेकरी खेळायचे, ते बघून शिकलेला. आपण मारलेलं मोहरं आपल्याच मालकीचं होतं. पुढं चालीच्या ऐवजी ते पटावर कुठंही बसवायचं, आणि ते आपल्या बाजूनं लढतं! आम्ही त्याला परतीचा डाव म्हणू लागलो.

पण आमची मोहरी लाखेची, तांबडी आणि हिरवी. तांबडा हत्ती हिरव्यांकडून लढायला लागला की ओळखायचा कसा? मी पकडलेल्याच्या गळ्यात दोरा बांधायची युक्ती काढली. एक हत्ती इतक्या वेळा पकडला गेला की दोऱ्यांत त्याची सोंड दिसेना. शेवटी तो कुणाचा यावरून भांडण.

माणदेशातला बिरू धनगर घोंगड्या विकायला यायचा, तो हसला. मेंढरू विकत घेतलं की नवा मालक त्याच्या पाठीवर गेरू लावतो, म्हणाला, दोरे कसले बांधताय? त्यानं पकडलेल्या प्रत्येक मोहऱ्याला गेरू फासला. संध्याकाळपर्यंत हिरवी सेनाही तांबडी झाली, आणि मामलेदार कचेरीतल्या एका कारकुनाचा नवा सदराही.

मग बाजीरावानं खोक्याच्या फळ्या तासून चपटी, एका बाजूला टोकदार मोहरी केली. रंग सगळ्यांचा एकच. टोक ज्याच्याकडं रोखलेलं, त्याच्यावर ते मोहरं चालून जाणार. पकडलं की नुसतं फिरवून बसवायचं. एवढं साधं आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

*

नामा जाधव उसाचा बागायतदार. रग मोठी, अक्कल बेताची. एकदा त्यानं बाजीरावाचा वजीर पकडला, तेवढ्यात उसाला पाणी द्यायची त्याची पाळी आली आणि डाव मोडून तो उठला. दुसऱ्या दिवशी नवा डाव सुरू होताच पठ्ठ्यानं कोपरीच्या खिशातून कालचा वजीर काढला आणि पटावर बसवला.

आम्ही ओरडलो, तो डाव काल संपला!

"डाव संपला आसंल," नामा म्हणाला, "कैद्याला काय रोज सांजच्याला घरी सोडत्यात व्हय?"

पहिला हसला तो बाजीराव.

"न्हाई सोडत," तो म्हणाला.

सुभेदार पाठ करून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी बराच वेळ पान उलटलं नाही.

*

सुभेदारांना परतीचा डाव म्हणजे शिस्तभंग वाटायचा, पण त्यांची नजर पटावरून हटेना. एकदा बाजीरावाचा राजा कोंडला गेला. पकडलेला घोडा त्याच्या हातात होता आणि तो विचारच करत बसला.

"घोडा टाक की रं!" पाठीमागून आवाज आला.

आम्ही वळून बघितलं तर सुभेदार खोकत होते. त्या खोकल्याला औषध नव्हतं.

*

पुढं पाटणचं एक स्थळ हौसाला बघायला यायचं ठरलं. हौसानं बापाला सांगितलं, या म्हणावं, पण पोहे तुम्हीच करा. सुभेदार तणतणत दुकानात आले आणि पहिल्यांदा बाजीरावासमोर बसले. अट एकच. डाव जुन्या नियमानं, मेलेलं मेलं. बाजीराव हरला तर त्यानं हौसाचं नाव टाकायचं आणि या दुकानात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही.

मी त्याला डोळ्यानं खुणावलं, नको म्हण. त्यानं पटावर आपली टोकदार मोहरी मांडली.

सुभेदारांनी त्याला सोलून काढलं. वजीर गेला, हत्ती गेले, मारलेल्या मोहऱ्यांचा ढीग सुभेदारांच्या गुडघ्याशी पडला. बाजीरावाजवळ राजा आणि एक उंट उरला, तरी तो चाली करतच होता. नामाला बघवेना, तो उठून दारात उभा राहिला.

"संपलंय," सुभेदार म्हणाले. "हात वर कर."

"एकदा हुकमानं केलं, आबा. मनानं करनार न्हाई."

त्यानं राजा एक घर सरकवला.

सुभेदारांनी पटाकडं बघितलं, मग त्याच्याकडं. मग गुडघ्याजवळच्या ढिगातून बाजीरावाचं एक मेलेलं प्यादं उचललं आणि त्याच्याच राजापुढं ठेवलं, टोक स्वतःकडं करून.

बिरूला राहवलं नाही. "आवं सुभेदार, डाव जुना ठरलाय. आन नव्यातबी पकडल्यालं प्यादं तुमच्याकडनं लढतं."

"ठावं हाय मला," सुभेदार म्हणाले. "पर ह्ये फिरल्यालं न्हाई."