डावीकडची सीट

जीप डाव्या कुशीवर पडली होती आणि वरच्या बाजूची दोन मोठी चाकं अजून फिरत होती. माझा थोरला ड्रायव्हरच्या बाजूनं वर चढून बाहेर आला. कपाळ फुटलं होतं, पण स्वतःच्या पायांवर उभा होता. मिस्तरी डावीकडच्या सीटवर बसलेला, म्हणजे आता गाडीखाली. मला ते दिसत होतं. तरी मी आधी मुलाचे हातपाय चाचपले. मग ओरडले, गाडी उचला म्हणून.

भर दुपारी, मिठागराच्या वळणावर हे झालं. आमच्या शेडपासून हाकेच्या अंतरावर.

त्याला सगळे मिस्तरीच म्हणायचे. बोट वाकवून पत्र्यावर दोनदा टकटक करायची त्याची सवय होती. टकटक म्हणजे हळू. गाडीत बसला की डॅशबोर्डवर करायचा. गिऱ्हाईक फार बोलायला लागलं की बॉनेटवर करायचा. मी सुनेला शिव्या घालायला लागले की शेडमधून पत्र्यावर दोन टकटक यायच्या. सून पदराआड हसायची. मी त्यालाही शिव्या घालायचे, पण आवाज खाली यायचा माझा.

शेड माझी. नवरा गेल्यावर राहिलेल्या भातशेताच्या कडेला मी ती उभी केली होती. बिल्डर नुकते येऊ लागले होते. सिल्व्हर पार्क नावाच्या नव्या वस्तीकडे इमारती उठत होत्या आणि आमच्याकडे अजून संध्याकाळी कोल्हे ओरडायचे. मिस्तरी परभणीकडून आलेला, शेड त्याला मी भाड्यानं दिलेली. लिलावात निघालेल्या मिलिटरीच्या जुन्या जीपा लोक घेऊन यायचे, त्या हा उंच करून द्यायचा. खाणवाले यायचे, बिल्डरांची माणसं यायची. मोठे टायर घालायचे तर गाडी उचलावी लागते, नाहीतर वळताना टायर मडगार्डला घासतात. मग स्प्रिंगचे पाटे बदलायचे, ब्रेकच्या नळ्या लांब घालायच्या. नळी आखूड राहिली तर खड्ड्यात चाक खाली गेल्यावर तुटते. हे मी त्याच्याकडूनच ऐकलं. दाराशी मासळी साफ करत बसले की तो काम करता करता सांगायचा.

तुमच्याही ओळखीत असा एखादा कारागीर असेल, काम देऊन टाकल्यावरही ज्याचा जीव त्यात अडकून राहतो. याचा तसा नेमच होता. उंच केलेली गाडी दिली की पहिले आठ दिवस तो स्वतः डावीकडच्या सीटवर बसायचा. गिऱ्हाईक कुठं जाईल तिथं बरोबर. लोक चिडायचे, हसायचे. एकानं तर विचारलं, सासरवाडीलापण येणार काय? हा म्हणाला, येतो की, जेवायला मिळेल. आणि गेला.

एक गोष्ट लपवत नाही. चहासाठी त्याचा कप मी वेगळा ठेवला होता. का, ते सांगायला नको. त्यानं पहिल्याच दिवशी ओळखलं. दुसऱ्या दिवशी स्वतःचा स्टीलचा ग्लास आणून शेडमध्ये खिळ्याला अडकवला. त्यातच चहा घ्यायचा. माझ्या कपाला त्यानं कधी हात लावला नाही, आणि मला कधी मावशीशिवाय हाक मारली नाही.

जमिनीचा एक तुकडा विकल्यावर थोरल्यानं जीप घेतली. चुलत दिराच्या पोराची जीप चार इंच उंच होती. गावातल्या एका हळदीला सगळं गाव तिच्याभोवती उभं राहिलं, आणि माझा पोरगा आपल्या जीपपाशी एकटा. मला ते खुपलं. त्याला खुपलं असेल त्याहून जास्त मला खुपलं.

मिस्तरी म्हणाला, "दोन इंच करतो, मावशी. चार नको. ही गाडी अरुंद हाये. वर गेली की झुलती."

थोरला मला बोलावून घेऊन गेला. मी शेडच्या दारात उभी राहून म्हणाले, "शेड माजी हाय. पोराला पायजे तशी करून दे, न्हायतर सामान उचल."

तो काही वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला, "करतो. पण आठ दिवस मी डावीकडं बसणार."

काम त्यानं चोख केलं. मीटरच्या काचेवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली आणि थोरल्याला समजावलं. टायर मोठे झाले की काटा कमी दाखवतो, चाळीस दिसले तर गाडी त्याहून पुढं आहे असं धर, रेघेच्या वर जाऊ नको. पाच दिवस थोरला रेघेच्या खाली राहिला. सहाव्या दिवशी वळणाच्या पलीकडं तोच चुलत दिराचा पोरगा उभा होता आणि इकडं शेडच्या दारात मी. वळण उजवीकडचं. गाडी डावीकडं झुलली आणि गेली.

दहाबारा माणसांनी जीप सरळ केली. टेम्पोत घालून त्याला दवाखान्यात नेलं. थोरल्याच्या कपाळाला पाच टाके पडले. मिस्तरी दवाखान्याच्या दारातच गेला होता, असं डॉक्टर म्हणाले.

त्याची बायको गावाहून दोन दिवसांनी आली. रडली नाही. शेडमध्ये फिरून सगळं बघितलं. मग मला म्हणाली, "त्यांनी नको म्हणलं नव्हतं का?"

"म्हणला होता," मी म्हणाले.

तिनं पुढं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. खिळ्याचा ग्लास काढून तिनं पिशवीत घातला. मी चहा टाकला होता. घरातल्या कपात ओतून तिच्यासमोर ठेवला. तिनं घेतला नाही.

थोरल्यानं कित्येक वर्षांनी एकदा मला सांगितलं. वळणाच्या आधी मिस्तरीनं डॅशबोर्डवर दोनदा टकटक केली होती. मग पुन्हा दोनदा. त्याला ती ऐकू आली होती.

गाडीत दोघंच होते. माझा मुलगा जगला.